शहरातील बिनखर्चाची सुखे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



चिटणिसांचे पत्र आले तेव्हा त्यात भाषणाचा विषय लिहिलेला नव्हता. आम्हांला तेवढ्यावरूनच बरे वाटले. आम्ही मुसलमान, आणि त्यात मराठी शिकवणारे. त्यामुळे सभेचे बोलावणे आले की विषय बहुधा ठरलेला असतो. ‘सर, ऐक्यावर दोन शब्द बोला.’ आम्ही बोलतोही. परंतु वीस वर्षे ऐक्यावर बोलल्यानंतर माणसाला एखादे वेळी चहावर बोलावेसे वाटते. म्हणून आज आम्ही आपल्या बेळगाव शहरातल्या बारीकसारीक सुखांविषयी बोलणार आहोत. ओघात आमची काही मतेही येतील. ती पटली नाहीत तर सभेनंतर चहा ठेवलेला आहे, तेथे भांडता येईल.

सकाळपासून सुरुवात करू. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी वसलेले. मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी हवेचे कौतुक करतो आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर मागतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास किल्ला तलावावर जावे. समोरचा काठ दिसत नाही. २०१८ साली उभारलेला तो उंच ध्वजस्तंभही निम्म्यावरून धुक्यात नाहीसा झालेला असतो. फेऱ्या घालणारी मंडळी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. त्यांतले बरेचसे साखरेपायी डॉक्टरांनी धाडलेले असतात. हात जोरजोराने हलवीत चालतात त्यावरून ते ओळखावेत. आमच्यासारखे काही केवळ परतताना मिळणाऱ्या चहासाठी आलेले असतात. ते हात हलवीत नाहीत.

कधी सवड असली तर आम्ही किल्ल्यात शिरतो. दारापाशी दुर्गेचे देऊळ, आत १२०४ सालची कमल बस्ती, पुढे साफा मशीद. सारे थोड्या चालीच्या अंतरात. पाहुणे बरोबर असले म्हणजे आम्ही इतिहास सांगतो, कारण मास्तर माणसाकडून लोकांची तशी अपेक्षा असते. एकटे गेलो म्हणजे मात्र बस्तीच्या मंडपात उभे राहून वरच्या दगडी कमळाकडे मान दुखेपर्यंत पाहतो. शिक्षण झालेल्या माणसाला काहीही न सांगता एखादी वस्तू पाहायला मिळणे हे फार थोड्या वेळा घडते.

आमचा दुसरा शौक सायकलीचा. शाळेत आमच्यामागे मुले हसतात, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु या गावाचा सायकलीशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढचा सारा किर्लोस्कर उद्योग त्या लहानशा धंद्यातून वाढला. पुढे कारखान्याला येथून बाहेर जावे लागले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपल्याकडे रस्त्याचे नाव तेवढे राहिले. असो. सायकलीचा खरा गुण असा, की तिच्यावरच्या माणसाला हाक मारता येते. मोटारसायकलवाल्याला मारलेली हाक त्याच्या मागेच राहते. गणपत गल्लीच्या तोंडापासून खडेबाजारापर्यंत आम्हांला सायकलीवर वीस मिनिटे लागतात, आणि त्यांतली पंधरा मिनिटे आमचा एक पाय जमिनीवर असतो. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाचे डोळ्याचे ऑपरेशन झाले, कोणत्या विद्यार्थ्याने शाळा सोडली, हे सारे आम्हांला त्या एका पायावर समजते. शाळा सोडलेली किमान चार मुले आम्ही अशी रस्त्यावरच्या बातमीवरून परत वर्गात आणलेली आहेत. हजेरीपटावरून ती कळायला महिना लागला असता.

रेल्वेच्या गेटाचेही तसेच होते. आमच्या लहानपणी मीटर गेजची गाडी होती. टिळकवाडीकडे जाताना पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट असा हिशेब असे आणि गेट पडले की वकील, हमाल, कॉलेजकन्या व दूधवाला असे सगळे एका ओळीत उभे राहत. आता काही ठिकाणी पूल झाले आहेत. पुलांना आमचा विरोध नाही. गेटावर अडकलेल्या रुग्णवाहिकेत कुणाचा तरी बाप असतो. फक्त त्या पाच मिनिटांत शेजारच्या अनोळखी माणसाला ‘मिरजेची का हो?’ असे विचारण्याचा जो हक्क होता, तो पुलावर मिळत नाही.

पावसाविषयी फार बोलत नाही, कारण जूनपासून सप्टेंबरापर्यंत आपण दुसरे काही बोलतच नाही. छत्री दुरुस्त करणारा माणूस अजून बसतो तोवर छत्री टाकून नवी घेऊ नये, एवढे आमचे मत नोंदवून पुढे जातो.

आता बाजार. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी. एकच नकार आम्ही दिवसातून तीन तऱ्हांनी देतो: घरी ‘नक्को’, शाळेत ‘नको’ आणि बाजारात ‘ब्याड’. दखनीतला हा ‘नक्को’ मूळचा मराठीतल्या ‘नको’चा भाऊ आहे; तेव्हा घरात अम्मीने आम्हांला जे पहिले नाही म्हटले, ते अर्धे मराठीतच म्हटले असणार. भाजीबाजारात तर याची मौज विशेष. आसपासच्या खेड्यांतून बायका रताळी, वांगी, कोथिंबीर घेऊन येतात. भाव कानडीत सुरू होतो, घासाघीस मराठीत होते, आणि प्रकरण हातघाईवर आले की अम्मी दखनीवर येतात. भाजीवाली तिन्ही भाषांत सारखीच चिवट. शेवटी मूठभर मिरच्या वरून पडतात, त्यांना कोणत्याच भाषेत पैसे नसतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचे दु:ख येथल्या मराठी घरांत किती खोल आहे हे या सभेला सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांच्या घरांतील माणसे त्यासाठी तुरुंगात गेलेली आहेत. २००४ साली तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याविषयी आम्हांलाही मत आहे, पण आजचा विषय तो नव्हे. एवढेच सांगतो, की पाट्यांवरून गावात तंग वातावरण झाले आणि दुकाने बंद राहिली, की दुसऱ्या सकाळी आम्ही मुद्दाम बाजारात जातो. काही घ्यायचे नसते. आपली भाजीवाली पुन्हा तिन्ही भाषांत बोलते आहे ना, ते ऐकायचे असते. आजवर तरी ती बोलली आहे.

खाण्याच्या बाबतीत आमचे मत थोडे वेगळे आहे. बेळगावचा कुंदा जगप्रसिद्ध, हे आम्ही स्टेशनवर रोज ऐकतो. परंतु बेळगावचा माणूस स्वत:साठी कुंदा क्वचितच घेतो. तो नेण्याचा पदार्थ आहे. पुण्याच्या बहिणीकडे, मुंबईच्या साहेबाकडे, मुलगी पाहायला जाताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना. आम्ही वर्षातून एकदा, पगारवाढीच्या महिन्यात, पाव किलो कुंदा विकत घेतो आणि कुठेही न नेता घरी बसून खातो. हा आमचा सण कोणत्याही पंचांगात नाही. मांड्यांचीही तीच गोष्ट. इतर महाराष्ट्राने मांडे मनातल्या मनात खावेत. आपल्याकडे ते दुकानात मिळतात, तेव्हा आपण मनाला एवढा त्रास देण्याचे कारण नाही.

आणि हिवाळ्यातले आमचे सर्वांत मोठे सुख म्हणजे खेड्यांतली साहित्य संमेलने. हे भाग्य मोठमोठ्या शहरांना नाही. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मोठे साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे झाला, हे पुस्तकांत आहे. पण कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा या गावांनी आपापली संमेलने वर्षानुवर्षे भरवली, ते पाहायला रविवारी बसमध्ये बसावे लागते. भातकापणी होऊन गेलेली असते. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तके, पुढे लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या मुली, आणि दारोदारच्या बायका पुस्तकांना ओवाळतात. ज्या म्हाताऱ्या बाईला अक्षर वाचता येत नाही ती पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावते. मराठीच्या शिक्षकाने हे दृश्य वर्षातून एकदा पाहिले तर उरलेले वर्ष शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्याचे बळ येते. पाहुणा वक्ता लांबला तरी कुणी उठत नाही, कारण पुढे जेवण असते. आणि दुपारच्या कविसंमेलनाला सगळे डोळे मिटून ऐकतात. त्यांतले काही खरोखरच ऐकत असतात. एका संमेलनात जेवणाच्या पंगतीत आमच्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने आमचे नाव ऐकून क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘मग तुम्ही व्याकरण पक्के शिकवत असणार की.’ त्याने तो निष्कर्ष कसा काढला हे आम्हांला आजतागायत उमगलेले नाही, पण आम्ही तो प्रशस्तिपत्रासारखा जपून ठेवला आहे.

येथवरचे भाषण आम्ही घरी वाचून दाखवले. आमच्या घरच्या स्वत: शिवणकाम करतात आणि ऐकताना मशीन थांबवीत नाहीत. या वेळी थांबवली. त्या म्हणाल्या, ‘तलाव, सायकल, चहाची टपरी, एस.टी.तली खिडकी. या सगळ्यांत बाई कुठे बसली आहे तेवढे दाखवा.’ प्रश्न इतका नेमका आहे, की तो जसाच्या तसा सभेपुढे ठेवतो.

बायकांची सुखे शहरात नाहीत असे नव्हे. चाँदरातीला खडेबाजारात बांगड्या भरायला जी गर्दी होते, तीत शिरण्याचे धाडस पुरुषाने करू नये. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू, उन्हाळ्यात गच्चीवरचे पापड, गणपतीत रात्री उशिरापर्यंत केलेली मंडळांची फेरी, हे सारे आहे. आमच्या शेजारच्या काकी आणि अम्मी पापड वाळवायला एकाच गच्चीवर जातात आणि दोन तासांचे काम चार तासांत करतात. पण नीट पाहिले तर या प्रत्येक सुखाला निमित्त लागते. सण लागतो, काम लागते, नाही तर लहान मूल कडेवर लागते. काहीही निमित्त नसताना, नुसते बसावेसे वाटले म्हणून बसण्याची जागा या गावात पुरुषाला पावलोपावली आहे. बाईने तसे कट्ट्यावर बसावे, तर तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी येऊन विचारतो, ‘काय झाले? कुणाची वाट बघता?’

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी एवढा वळसा घातला तिच्याकडे येतो. विश्वस्तांनी तो ओळखला असेलच.

आपल्या ट्रस्टच्या इमारतीला रस्त्याच्या बाजूने एक ओसरी आहे. तिच्यावर दोन लांब बाके आहेत आणि आत वाचनालयाची खोली. बेळगावला वाचनाची जुनी सवय आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ साली सुरू झाले. त्या मानाने आपली खोली म्हणजे नातवंड. चार वर्तमानपत्रे, काही मासिके आणि तीन कपाटे. सुवर्णमहोत्सवानिमित्त असा विचार पुढे आला आहे, की ओसरी आणि ही खोली मिळून रस्त्यालगत तीन गाळे काढावेत आणि त्यांचे भाडे शिष्यवृत्ती निधीला जोडावे. वर्तमानपत्रे आता सगळे फोनवर वाचतात, असेही त्यात म्हटले आहे.

आम्ही या प्रस्तावाची चेष्टा करणार नाही. शिष्यवृत्ती निधी अपुरा पडतो हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? दर जूनमध्ये आम्हीच मुलांचे अर्ज घेऊन येतो आणि त्यांतले काही परत घेऊन जातो. ज्या मुलीचा अर्ज परत न्यावा लागला तिच्या बापापुढे उभे राहून ‘आमच्याकडे एक सुंदर बाक आहे’ असे म्हणता येत नाही. तेव्हा पैसा हवा, आणि ज्यांनी गाळ्यांची सूचना केली त्यांनी ती मुलांच्या कळवळ्यानेच केली आहे.

परंतु त्या बाकावर कोण बसते ते एकदा पाहावे. सकाळी आठला एक निवृत्त पोस्टमन येतात. ते आधी निधनवार्ता वाचतात, कारण त्यांतल्या अर्ध्या पत्त्यांवर त्यांनी पत्रे टाकलेली असतात. मग वडगावकडचे दोन विणकर येतात. रात्रपाळी संपवून घरी जाऊन झोपण्याआधी अर्धा तास ते शांत जागी बसतात, कारण घराच्या भिंतीपलीकडेही यंत्रमागच असतो. अंकाची पाने सुटी करून वाटून घ्यायची, दुसऱ्याचे पान मागायचे नाही, पण त्याने खाली ठेवले की लगेच उचलायचे. हा कायदा कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडलेलाही आम्ही पाहिला नाही. फोनवर बातमी मिळते हे खरे. फोनवरचे अर्धे पान शेजाऱ्याला देता येत नाही.

आणि संध्याकाळी पाचनंतर मुले येतात. दहावीची, बारावीची, भरतीच्या परीक्षांची. ज्यांच्या घरी एक खोली, सहा माणसे आणि एक टी.व्ही. आहे अशी ही मुले. त्यांना आपण शिष्यवृत्ती देतो ती फीची. अभ्यासाला जागा मिळण्याची शिष्यवृत्ती कोणत्याही अर्जात मागता येत नाही, ती ही खोली देते. आमचे वडील खडेबाजारात शिंपीकाम करीत. दुकान रात्री नऊला बंद होई आणि तोवर आम्ही याच ओसरीवर बसून गृहपाठ करीत असू. ट्रस्टने पुढे आम्हांला पुस्तकांचे पैसे दिले, त्याची नोंद ट्रस्टच्या वहीत आहे. बाकाची नोंद कुठेच नाही, म्हणून ती येथे करून ठेवतो. बाक नसता तर पुस्तकांचे पैसे मागण्याइतके गुण पडले असते, असे आम्हांला वाटत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. इमारतीच्या मागल्या बाजूला बोळाकडे जी जागा आहे, तेथे आज मोडकी टेबले आणि लग्नाची भांडी ठेवली आहेत. गाळे तिकडे काढावेत. बोळातल्या गाळ्याला रस्त्यावरच्या गाळ्याइतके भाडे येणार नाही. जी तूट येईल तिच्यासाठी ज्यांनी ट्रस्टच्या मदतीने शिक्षण घेतले आणि आज जे पगार घेतात, त्यांनी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी. अशी माणसे या सभागृहात बरीच बसलेली आहेत. त्यांची यादी चिटणिसांकडे आहे आणि आमचे नाव त्यात असल्याचे आम्हांला माहीत आहे. आमचा आकडा आम्ही कालच लिहून दिला आहे.

दुसरी सूचना वाचनालयाच्या वेळेसंबंधी. दुपारी बारा ते चार खोली बंद असते. ती वेळ स्त्रियांसाठी ठेवावी. हळदीकुंकवासाठी नव्हे, शिवणाच्या वर्गासाठीही नव्हे. त्यांनी यावे, वाचावे, न वाचता बसावे, आणि का आलात असे कुणी विचारू नये. त्या वेळात किल्ली कोणाकडे राहील, हा प्रश्न मागच्या बैठकीत निघाला होता. आमच्या घरच्यांनी आणि शेजारच्या काकींनी ती आठवड्यातून तीन-तीन दिवस वाटून घेण्याचे कबूल केले आहे. अम्मीही येणार आहेत. त्यांना चष्मा नवा लागला आहे आणि वर्तमानपत्रातला भाजीचा भाव खोटा असतो, हे त्यांना स्वत: तपासायचे आहे.

तिसरी गोष्ट किरकोळ. ओसरीवरच्या डाव्या बाकाचा एक पाय हलतो. सध्या त्याखाली विटेचा तुकडा सरकवलेला आहे. सुताराला आम्ही दाखवून ठेवले आहे. लाकूड चांगले सागवानी आहे, नवा पाय बसवला की बाक पुष्कळ वर्षे जाईल असे तो म्हणतो. पुढच्या रविवारी सकाळी तो येणार आहे. विश्वस्तांपैकी कुणीतरी त्या वेळी हजर असावे, म्हणजे गाळे पुढे काढायचे की मागे, याचा निकाल लागण्याआधी पाय बसवावा की नाही, ते त्याला जागच्या जागी सांगता येईल.